पेटी रिकामी करा

“रजा?” वहिनींनी अर्ज हातात धरून विचारलं. “डिसेंबरात?”

“एकच दिवस,” तात्या म्हणाले. “तेवीस तारीख.”

वहिनींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि अर्ज पुन्हा वाचला. पायाच्या दगडाने घराकडे सुट्टी मागितली तर घर ज्या नजरेने त्याच्याकडे बघेल, त्या नजरेने त्या तात्यांकडे बघत होत्या. मी त्या वेळी काउंटरखाली आडवा होतो. प्रिंटरची वायर उंदराने खाल्ली होती.

कराडच्या सोमवार पेठेत पोतनिसांचं ‘श्रीरंग वेशभूषा भांडार’ आहे. नाटकाचे कपडे, दागिने, मिशा, मुकुट, प्राण्यांचे मुखवटे असं सगळं तिथे भाड्याने मिळतं. दोनशे बारा पत्र्याच्या पेट्या आणि त्यांत साडेपाच हजारांवर वस्तू. मालक वारल्यापासून दुकान त्यांच्या पत्नी चालवत. त्यांना सगळी पेठ वहिनी म्हणायची. त्यांची मुलगी मृण्मयीसुद्धा चिडली की वहिनीच म्हणायची. आणि यातली कुठली वस्तू कुठल्या पेटीत आहे, हे पृथ्वीवर फक्त एका माणसाला ठाऊक होतं. तो माणूस म्हणजे आत्माराम शिंगण, ऊर्फ तात्या. पेट्यांवर नंबर होते, पण ते खरेदीच्या क्रमाने घातलेले होते. म्हणजे एकोणिसाव्या पेटीत काय असावं याचा अठराव्या पेटीशी काहीही संबंध नव्हता.

“कारण काय लिहिलंय हे?” वहिनी म्हणाल्या. “‘नात वांगे’?”

“चिपळूणला नातीचं गॅदरिंग आहे. ती वांगं झालीय.”

“मुख्य भूमिका आहे का?” मी खालून विचारलं.

“भाज्यांत मुख्य काय न् दुय्यम काय,” तात्या माझ्या पायांकडे बघत म्हणाले. मग वहिनींकडे वळले. “एकतीस वर्षं झाली, वहिनी. दर डिसेंबरला पाऊणशे-ऐंशी गॅदरिंगांना कापडं देतो. एकाही गॅदरिंगला बसलेलो न्हाई. पोरींची झाली तवा बी न्हाई. आता नात म्हणाली, आजोबा, तुम्ही नुसतं वांगं पाठवता, बघायला येत न्हाई.”

“द्यायची नाही असं नाही हो, तात्या.” वहिनींचा आवाज खाली आला. “पण तेवीसला चौदा शाळा येणार. कोण सांगणार त्यांना काय कुठे आहे ते? मी? मला माझा चष्मा सापडत नाही.”

तात्यांनी मान हलवली. अर्ज परत घ्यायला हात पुढे केला. त्यांनी वाद घातला असता तर मी गप्प राहिलो असतो. पण त्यांनी नुसता हात पुढे केला, आणि मी काउंटरखालून उठलो. उठताना डोकं आपटलं. पुढे जे बोललो त्याची काही जबाबदारी त्या आघातावर टाकायला हवी.

“वहिनी, वीस दिवस द्या. तात्यांच्या डोक्यातलं सगळं संगणकात घालतो. ‘वांगं’ टाइप केलं की पेटीचा नंबर समोर.”

त्या वेळी माझी कंपनी होती. कंपनी म्हणजे मी, एक टेबल आणि ‘सोल्युशन्स’ हा शब्द असलेली एक पाटी. वय तेहतीस. आजवर मी प्रिंटर सोडून काहीही सॉल्व्ह केलेलं नव्हतं.

“आलं तर रजा,” वहिनी म्हणाल्या. “नाही आलं तर तात्या इथे.”

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. लग्नाच्या पंगतीत वाढप्या आपल्या रांगेकडे येतोय की शेजारच्या, हे बघणारा माणूस जसं बघतो तसं.

---

शब्द टाकला की नोंद शोधून देणारं सर्च सर्व्हर नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. फुकट मिळतं ते बसवायला किती वेळ लागतो, हे ते तयार करणारे सांगत नाहीत. त्यांच्याकडे एकच संगणक असतो आणि त्यावर ते चालतं.

दुकानात तीन संगणक होते आणि तिघांचे धर्म वेगळे. काउंटरवर जुना विंडोजवाला. त्याच्यावर सर्व्हर चालला, पण दर दोन तासांनी यंत्राला स्वतःला अद्ययावत करायची हुक्की यायची आणि ते कोणालाही न विचारता बंद व्हायचं. मागच्या गोदामात एका शाळेने टाकून दिलेला संगणक होता. त्यावर मी विंडोजऐवजी लिनक्स घातलं. तिथे सर्व्हर उत्तम चालला, फक्त मराठी अक्षरांच्या जागी चौकोन यायचे. मी ‘सिंह’ शोधला तर दोन चौकोन सापडले. तिसरा मृण्मयीचा मॅक. ती पुण्यात डिझायनिंगचं काम करायची आणि त्या महिन्यात आईच्या मदतीला आली होती. मॅकवर सगळं पहिल्या झटक्यात चाललं, त्यामुळे त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

पाच दिवस मी एका यंत्रावर बसवायचो, दुसऱ्यावर मोडायचो. सहाव्या दिवशी कंटेनरकडे वळलो.

“आता हे काय?” तात्यांनी विचारलं. ते रोज संध्याकाळी माझ्या मागे उभे राहत. मदतीला नव्हे. रजा कुठवर आली ते बघायला.

मी म्हटलं, “तात्या, नाटक बाहेरगावी जातं तेव्हा तुम्ही काय करता?”

“पेटी भरतो.”

“काय काय घालता?”

“कापडं, दागिने, मिशा, मिशांचा डिंक, सुईदोरा, पिना, आरसा. तिथं काय मिळंल असं धरून चालायचंच न्हाई. गाव विटा असू दे न्हाईतर वडूज. पेटी उघडली की नाटक उभं राहिलं पायजे.”

“मीही तेच करतोय. सर्व्हरला लागणारं सगळं एकात भरतोय. मग संगणक कुठलाही असू दे. याला म्हणतात कंटेनर.”

“म्हंजे पेटी.”

“म्हणजे पेटी.”

“मग आधी का न्हाई केलंस? पाच दिवस काय करत होतास?”

नंतरच्या काळात मी कंटेनर या विषयावर बरीच भाषणं ऐकली, दोन-तीन दिलीही. याहून चांगलं स्पष्टीकरण कुठे आढळलं नाही. त्या दिवशी मात्र मी स्वतःवर इतका खूश झालो की काउंटरच्या पडद्यावर मोठी मोठी बटणं केली, तात्यांच्याच भाषेत. ‘पेटी उघडा’. ‘शोधा’. ‘नवीन नोंद’. आणि चाचणीसाठी खोट्या नोंदी भरून पुसाव्या लागत, म्हणून चौथं: ‘पेटी रिकामी करा’.

मग नोंदींना सुरुवात झाली. तात्या सांगायचे, मी टाइप करायचो. त्यांनी स्वतःचा क्रम ठरवला. आधी देव, मग राजे, मग शिपाई-प्यादे, मग जनावरं. पक्षी, झाडं आणि भाज्या सर्वांत शेवटी. मी म्हटलं, तात्या, तुम्हाला रजा भाजीसाठी हवीय, भाज्या तरी आधी घ्या. ते म्हणाले, “रीत हाय ती.”

त्यांना वस्तू नंबराने आठवत नसत, घडलेल्या गोष्टींवरून आठवत.

“रडका सिंह. पेटी त्रेसष्ट.”

“रडका का?”

“तोंड खाली लोंबतंय. पाटणला एका हेडमास्तरनी घातला होता, गाण्याच्या मधीच झोपला त्यात. तवापासून.”

“डॉक्टरचा कोट, चहा सांडलेला. पेटी नव्वद. प्रधानाचा फेटा, डोक्याला मोठा. पेटी अकरा. दुसरा प्रधानाचा फेटा, डोक्याला बी मोठा अन् मनानं बी मोठा, कुणालाबी बसतो. पेटी अकराच.”

दुकानाचा एक नियमही मी याच दिवसांत पाहिला. परत आलेली पेटी त्याच संध्याकाळी तळापर्यंत रिकामी करायची, झाडायची आणि उघडी ठेवायची. एकदा पेटीत अर्धा लाडू राहिला होता आणि मुंग्यांनी परीचे दोन्ही पंख खाल्ले होते. त्याला बावीस वर्षं झाली होती, पण तात्या ते सांगताना अजून परीची बाजू घ्यायचे. दुकान बंद करताना परत आलेली एकही पेटी भरलेली दिसली तर त्यांना घरी जेवण जात नसे.

दहा तारखेला जनावरं संपली. त्या दिवशी मृण्मयी म्हणाली, “शिरीषदादा, माझ्या मॅकवर पण टाक ना. वर बसून बघता येईल.” मी पेटीची एक प्रत तिकडे टाकली आणि विसरून गेलो. पुढच्या अकरा दिवसांत पक्षी, झाडं, फळं, भाज्या आणि तात्या ज्याला ‘उरलंसुरलं’ म्हणत ते सगळं काउंटरवरच्या पेटीत गेलं.

कंटेनरच्या आतला माल कंटेनरबाहेरही साठवायचा असतो, हे मला माहीत होतं. करायचं राहिलं होतं. माझ्या क्षेत्रातलं अर्धं जग ‘करायचं राहिलं होतं’ याच पायावर उभं आहे.

एकवीस तारखेला वहिनींनी स्वतः परीक्षा घेतली. टाइप केलं: ‘सिंह, पण हसरा’. पेटी चाळीस. उघडली. सिंह हसत होता. वहिनींनी अर्जावर सही केली. तात्यांनी तो घडी घालून खिशात ठेवला, मग बाहेर काढला, पुन्हा वाचला आणि वेगळ्या खिशात ठेवला.

---

तेवीस तारखेला सकाळी आठला आम्ही तिघं दुकानात होतो. तात्या साडेसातच्या चिपळूण गाडीने निघाले होते. इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी. पिशवीत नातीसाठी एक जादा वांगं होतं, “ऐनवेळी फाटलं तर” म्हणून.

सव्वाआठला पहिलं गिऱ्हाईक आलं. घोरपडे सर, मसूरकडच्या एका शाळेचे ड्रिलचे शिक्षक. गळ्यात शिट्टी, हातात यादी.

“भाजी मंडई. बारा पोरं. गवार, भेंडी, दोडका, दोन टोमॅटो...”

“एक मिनिट,” मी रुबाबात म्हटलं आणि टाइप केलं: गवार.

‘काहीही सापडलं नाही.’

टोमॅटो. ‘काहीही सापडलं नाही.’ सिंह. ‘काहीही सापडलं नाही.’ मग मी एकूण नोंदी पाहिल्या. शून्य.

मी यंत्राचा इतिहास उघडला. काल संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटं. ‘पेटी रिकामी करा.’ यंत्राने विचारलं होतं, ‘नक्की?’ उत्तर होतं, ‘हो.’

“वहिनी, काल सातला इथे कोण होतं?”

“तात्या. मी वर होते. खालून हाक मारून म्हणाले, परत आलेल्या सगळ्या पेट्या रिकाम्या केल्या. एक त्या टीव्हीतली राहिली होती, तीही केली. मी म्हटलं, छान.”

मृण्मयीने तोंडावर हात ठेवला. मला वाटलं घाबरली, पण त्या हाताच्या मागे ती हसत होती.

“म्हणजे?” वहिनींनी विचारलं.

“म्हणजे वीस दिवसांचं सगळं गेलं.”

वहिनींनी फोन उचलला. तात्यांचा नंबर काढला. बोट हिरव्या बटणावर नेलं आणि तिथेच थांबलं.

“आत्ता ते कुठे असतील?”

“पाटणच्या अलीकडे.”

“सांगितलं तर?”

“पाटणला उतरतील. मिळेल त्या गाडीने परत येतील.”

“आणि पुन्हा कधी रजा मागणार नाहीत.” वहिनींनी फोन उलटा करून टेबलावर ठेवला. “सांगायचं नाही. कोणीही सांगायचं नाही. घोरपडे सर, तुम्हीही.”

“माझा काय संबंध?” घोरपडे सर म्हणाले. “मला भाज्या द्या.”

तेवढ्यात मृण्मयी धावत वर गेली आणि मॅक घेऊन खाली आली. “दहा तारखेपर्यंतचं आहे! देव, राजे, शिपाई, जनावरं. सगळं आहे!”

“भाज्या?” सरांनी विचारलं.

“भाज्या नाहीत.”

आणि फोन वाजला. तात्या. मी उचलला.

“पाटण स्टँडवरनं बोलतोय. चाललंय का बरोबर?”

“एकदम.”

“‘शोधा’ दाबल्यावर येतंय?”

“फटाफट.”

“वांगं बघ बरं.”

मी दोन सेकंद कीबोर्ड उगाच बडवला. “आलं. पेटी दोनशे चाळीस.”

पलीकडे एसटीच्या भोंग्याचा आवाज आला. “दोनशे चाळीस?”

“हो.”

“बरं,” तात्या म्हणाले आणि फोन ठेवला.

“दादा,” मृण्मयी हळूच म्हणाली, “आपल्याकडे पेट्याच दोनशे बारा आहेत.”

---

पुढचा पाऊण तास आम्ही आठवणीवर काढला. देव आणि जनावरं मागणाऱ्या शाळांना मॅक बघून पटापट माल मिळत होता. पण डिसेंबरात देव कमी लागतात. झाडं लावा, झाडं जगवा, पक्षी वाचवा, पालेभाज्या खा. त्या वर्षी जिल्ह्यातली सगळी मुलं वनस्पती झाली होती. नऊ वाजून गेले तेव्हा दुकानात अकरा शिक्षक उभे होते आणि प्रत्येकाच्या यादीवर काहीतरी हिरवं होतं.

“अहो, मोर तरी द्या,” मराठीच्या एक बाई म्हणाल्या. “माझा मोर चारला रंगमंचावर आहे.”

“मोर आहे, बाई. कुठे आहे ते फक्त माहीत नाही.”

“मग ते तुमचे तात्या कुठे आहेत?”

वहिनींनी सगळ्यांना सांगितलं. लपवलं नाही. एकतीस वर्षं, एकही गॅदरिंग नाही, चिपळूण, वांगं. सांगताना आवाज जरा चढला. “आणि आज मी त्यांना परत बोलावणार नाही. तुमचे कार्यक्रम कोसळले तर माझ्या नावाने बोंब मारा.”

जमलेल्या बहुतेक शिक्षकांना तात्यांनी वर्षानुवर्षं कपडे दिले होते. ते कपडे काढून देणाऱ्या माणसाला नात असेल, हे बहुधा कोणाच्या मनात आलं नव्हतं. घोरपडे सर तर त्या वर्षी नव्यानेच बदलून आलेले. त्यांनी तात्यांना पाहिलंही नव्हतं.

फोन पुन्हा वाजला. नऊ वीस.

“कोयनानगरला हाय,” तात्या म्हणाले. “गाडी दहा मिनिटं थांबतीया.”

“चहा घ्या मग.”

“समोर कराडची गाडी लागलीया.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“तात्या,” मी म्हटलं, “वांगं बघायला चाललाय ना?”

“व्हय.”

“मग बघून या.”

इतक्यात कानठळ्या बसवणारी शिट्टी झाली. मी फोन तसाच काउंटरवर ठेवला आणि वळलो. घोरपडे सर एका पेटीवर उभे होते.

“सगळे शिक्षक इकडे बघा! पेट्या किती राहिल्यात, इंजिनियर?”

“मॅकवर नाहीत अशा... ब्याण्णव.”

“अकरा शिक्षक, दोन मालकीणबाई. प्रत्येकी सात. एक उरते ती मी घेतो. खिडकीपासून रांग! एक माणूस पेटी उघडेल, काय आहे ते ओरडेल, इंजिनियर लिहील, पेटी बंद. सापडेल तो माल ज्याचा त्याने नंतर घ्यायचा, मध्ये पळायचं नाही. आणि तात्यांना कळता कामा नये! चला, लवकर! एक, दोन...”

दहावी पास झाल्यापासून मी कोणत्याही ड्रिलच्या सरांचं ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ऐकलं.

झाकणं उघडू लागली. पत्र्याचा असा आवाज त्या दुकानाने बापजन्मात ऐकला नसेल.

“पेटी एकशे चार! पोपट, तीन!”

“पेटी सत्याहत्तर! वडाचं झाड, पारंब्यांसह!”

“पेटी एकशे एक्याण्णव! मयूर, विदीर्ण पिसारा!” हे मराठीच्या बाई.

“म्हणजे फाटका मोर का?” मी विचारलं.

“फाटका काय म्हणता? विदीर्ण लिहा!”

मी दोन्ही लिहिलं. सर्च सर्व्हरचा तोच तर फायदा असतो. आणि या वेळी पहिलं काम मी हे केलं होतं, की पेटीतला माल पेटीबाहेर, दुसऱ्या संगणकावरही साठवला जाईल. तेवढ्यासाठी वीस दिवसांत वेळ सापडला नव्हता. चार मिनिटं लागली.

“पेटी अठ्ठावीस!” विज्ञानाचे एक सर ओरडले. “हे काय आहे मला कळत नाही. हिरवं आहे, लांब आहे आणि त्याला बाह्या आहेत.”

“दोडका!” तिघं एकदम ओरडले.

“पडवळ,” वहिनी दुरून बघून म्हणाल्या. “दोडक्याला शिरा असतात.”

यावर दहा मिनिटं वाद झाला. शिक्षक होते ते.

बाराच्या सुमाराला शेजारच्या अमृततुल्यवाल्याने चहा पाठवला आणि चहाबरोबर स्वतःही आला. त्याला वाटलं होतं दुकानावर धाड पडली. तोही एक पेटी उघडून बसला. मृण्मयी एका हाताने टाइप करत होती आणि दुसऱ्या हाताने सापडलेल्या कोंबड्याचा तुरा शिवत होती. वहिनी, ज्यांना चष्मा सापडत नसे, त्यांना कपाळावरच्या चष्म्यासकट चार कांदे, एक फणस आणि नवऱ्याच्या हातची एक चिठ्ठी सापडली. चिठ्ठीत लिहिलं होतं, ‘ही पेटी तात्याला विचारून उघडणे.’ वहिनी हसत हसत खाली बसल्या आणि बराच वेळ उठल्या नाहीत.

सगळं सापडलं नाही. घोरपडे सरांची शाळेची गाडी एक वाजता निघणार होती, आणि पावणेएकपर्यंत बारापैकी फक्त पडवळ मिळालं होतं; त्यावरही मतभेद होते. उरलेल्या अकरा मुलांसाठी सरांनी जे हाताला लागलं ते घेतलं. अकरा दरबारी मानकरी, पगडीसकट. त्यांच्या मंडईत त्या संध्याकाळी एकेक मानकरी पुढे येऊन मुजरा करून “मी गवार”, “मी भेंडी”, “मी दुधी भोपळा” असं सांगत होता. प्रेक्षकांना ते राजकीय भाष्य वाटलं. सरपंचांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. पुढची तीन वर्षं त्या शाळेने मानकरीच मागितले.

मोर चारला रंगमंचावर होता. विदीर्ण, पण होता.

अडीच वाजता शेवटची पेटी बंद झाली. तिच्यात उरलेल्या सगळ्या भाज्या होत्या.

---

साडेसहाला फोन आला. वहिनींनी स्पीकरवर टाकला. आम्ही तिघं तीन पेट्यांवर बसलो होतो, कोणाच्याही अंगात उठायची ताकद नव्हती.

“वहिनी,” तात्या म्हणाले. मागे माइकवर कोणीतरी बक्षिसांची नावं वाचत होतं. “झालं.”

“कसं झालं?”

“पहिली दोन कडवी विसरली.”

“अरे देवा.”

“न्हाई, न्हाई. नुसती उभी राहिली. मी तिसऱ्या रांगेत. तिनं मला बघितलं न् हात हलवला. मग शेजारचा मुळा तिला ढोसायला लागला. तिनं मुळ्याला ढकललं. मुळा कोबीवर पडला.” ते थांबले. “लई चांगलं झालं.”

मृण्मयी हसताना पेटीवरून घसरली.

“वहिनी, एक सांगू? एकतीस वर्षं मी ही कापडं घडीतच बघितली. देताना घडी, घेताना घडी. वांगं म्हंजे माझ्या डोक्यात जांभळी घडी, वर हिरवी पट्टी. आज ते चालत आलं, वहिनी. पळालं. आत पोरगं गेलं की कापड कसं फुगतं, ते मला ठावंच नव्हतं.”

वहिनींनी चष्मा कपाळावरून काढला आणि पदराने पुसला.

“दुकानात काय?” तात्यांनी विचारलं.

“सगळं शांत,” वहिनी म्हणाल्या. “आज फारसं कोणी आलंच नाही.”

---

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तात्या हजर झाले. मी आधीच येऊन बसलो होतो. काय सांगायचं ते रात्रभर ठरवत होतो, आणि ठरलं नव्हतं. त्यांनी पिशवी ठेवली. पेट्यांकडे पाहिलं. एकही पेटी नेहमीच्या जागेवर नव्हती. सत्याहत्तरच्या झाकणातून वडाच्या पारंब्या बाहेर आल्या होत्या. ते त्यांनी पाहिलं. चहा मागवला. माझ्यासमोर बसले.

“तात्या,” मी म्हटलं, “काल एक घोळ...”

“ती पेटी मी रिकामी केली. पाटणच्या आधीच टकुऱ्यात आलं. टीव्हीतली पेटी रिकामी केली म्हंजे आत होतं ते गेलं कुठं?”

“मग फोनवर विचारलं का नाहीत?”

“इचारलं की. तू म्हणालास दोनशे चाळीस.”

मी चहात बघू लागलो.

“कोयनानगरला मी उतरलो होतो, शिरीष,” ते म्हणाले. तोवर त्यांनी मला कधी नावाने हाक मारली नव्हती. “कराडच्या गाडीत चढलो बी. पिशवी वर ठेवली.”

“मग?”

“फोन कानालाच होता. तू बंद केलाच न्हाईस. आत सगळं ऐकू येत होतं. शिट्टी. पत्रे. वहिनी कुणाला तरी दामटत होत्या. न् एक बाप्या ओरडला, तात्यांना कळता कामा नये. कोण तो?”

“घोरपडे सर. ड्रिलचे.”

“मला वळखत्यात?”

“नाही. नवीन आहेत.”

तात्यांनी बशी खाली ठेवली.

“कंडक्टर आला, म्हणाला, आजोबा, कराड का? मी म्हटलं, न्हाई, चुकून चढलो. एवढी माणसं जीव तोडून आपल्यापास्नं लपवायला लागल्यात, म्हटलं, आपण कशाला कळून घ्यायचं?” ते उठले, सत्याहत्तरचं झाकण उघडलं, पारंब्या आत नीट सारल्या. “उतरलो न् चिपळूणच्या गाडीत जाऊन बसलो. माझी खिडकीची जागा कुणी घेतली नव्हती.”